ऑइल बदलून आणलं, पण पट्टीवर पातळी खुणेच्या वर. काढू की चालवू?

जुळे सोलापूर · शुक्रवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. काल संध्याकाळी गाडीचं इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलून आणलं. स्विफ्ट पेट्रोल, २०१६ ची, ७८ हजार किलोमीटर झालेत. आज सकाळी बॉनेट उघडून ऑइलची पट्टी बघितली तर ऑइल वरच्या खुणेच्याही बरंच वर. मुलीच्या कंपासमधली मोजपट्टी लावली. खुणेपासून १५ मिमी वर. पुसून तीनदा बघितलं, तेवढंच.

गॅरेजवाल्याला फोन केला. म्हणाला, "कमी असलं तर घोर, जास्त असलं तर काय नाही. चालवा." मला ते पटलं नाही, पण उलट बोलण्याइतकं मला यातलं कळतही नाही. रविवारी पहाटे मुलीला घेऊन पुण्याला निघायचंय, सोमवारी तिची मुलाखत आहे. अडीचशे किलोमीटरचा रस्ता, आणि ऊन कसं पडलंय ते सांगायला नको.

१५ मिमी म्हणजे नेमकं किती ऑइल जास्त? असंच चालवलं तर खरंच काय होतं? आणि घरच्या घरी काढता येतं का? उद्याचा एक दिवस हातात आहे.

---

होटगी रोड · शुक्रवार, रात्री १०.०५

मालक, एवढं मनाला लावून घेऊ नका. माझ्या गाडीत चार वर्षं झाली अख्खा डबा ओततात. डब्याचे पैसे दिलेत तर थोडं ऑइल तळाशी ठेवून घरी कशाला आणायचं? गाडी हैदराबादला जाऊन आली, तिरुपतीला जाऊन आली. जा पुण्याला.

---

फिटर काका · शुक्रवार, रात्री १०.४०

एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली, आता घरी असतो. सांगतो ते नीट ऐक.

जास्त ऑइल चांगलं, हे मी तरुणपणापासून ऐकतोय आणि ते चूक आहे. इंजिनाच्या खाली जे चेंबर असतं त्यात ऑइल साठतं. त्याच्या थोडं वर क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरतो. वरची खूण कंपनीने अशी ठेवलेली असते की क्रँकचे वजनी भाग ऑइलला लागू नयेत. पातळी त्याच्या वर गेली की ते भाग ऑइलमध्ये बुडून फिरायला लागतात. हायवेला ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेरे. रवीने ताक घुसळल्यासारखं होतं. ऑइलचा फेस होतो आणि पंप तोच फेस उचलून बेअरिंगकडे, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो त्या बैठकीकडे, पाठवतो. ऑइल दाबलं जात नाही म्हणून ते क्रँकला बेअरिंगमध्ये उचलून धरतं. फेसात हवा असते, हवा दाबली जाते. म्हणजे चेंबर काठोकाठ भरलेलं असताना बेअरिंग उपाशी राहतं. हे मी डोळ्यांनी बघितलंय, खोललेल्या इंजिनात.

ही झाली मोठी गोष्ट. त्याआधी छोट्या दिसतात. ब्रीदरच्या, म्हणजे चेंबरमधली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून ऑइलची वाफ एअर फिल्टरकडे जाते, फिल्टर ओला होतो. सकाळी चालू करताना निळसर धूर येतो. प्लग काळे पडतात. सायलेन्सरमधला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ऑइल जाळून जाळून निकामी होतो आणि तो स्वस्त नसतो. क्रँकचं मागचं सील गळायला लागलं तर ऑइल क्लचवर जातं.

पण उद्याच घाबरून बोल्ट खोलायला जाऊ नको. आधी तुझं माप खरं आहे का ते बघू. चार गोष्टी सांग:

गाडी कुठे उभी होती, जमीन सपाट की उतार?
किती लिटर ओतलं? बिलावर असेल.
गाडीच्या पुस्तिकेत किती लिटर लिहिलंय?
पट्टीवरच्या ऑइलचा रंग कसा आहे?

---

जुळे सोलापूर · शुक्रवार, रात्री ११.१५

काका, खूप आभार. खाली जाऊन बघून आलो.

पार्किंगला गेटकडे चांगलाच उतार आहे, पावसाचं पाणी जावं म्हणून केलेला. बिलावर साडेतीन लिटरचा एक डबा आणि एक फिल्टर. पुस्तिकेत फिल्टरसकट ३.१ लिटर. रंग मधासारखा आहे, पण अगदी स्वच्छ मध नाही, जरा तांबूस झाक आहे.

---

फिटर काका · शुक्रवार, रात्री ११.३०

मग अर्धं कोडं इथेच सुटलं. ३.१ ची गरज आणि साडेतीनचा डबा. ४०० मिली तर सरळ सरळ जास्त गेलंय. बाजारात साडेतीनचे डबे सहज मिळतात, मेकॅनिक तोच फोडतो, आणि फोडलेला डबा गिऱ्हाईकाला परत द्यायला त्याला बरं वाटत नाही. गिऱ्हाईकालाही वाटतं की पैसे दिलेत तर सगळं ओत. दोघांचाही हेतू वाईट नसतो, सोसावं इंजिनाला लागतं.

रंग विचारला त्याचं कारण ऐक. पेट्रोल गाडीत नवीन ऑइल पहिल्या दिवशी मधासारखं दिसायला पाहिजे. तुझ्या पट्टीवर काळंकुट्ट ऑइल असतं तर मी म्हटलं असतं की जुनं निघालंच नाही, त्याच्यावरच नवीन ओतलंय. असं एकदा आमच्या शेजारच्या गाडीत झालं होतं. नवीन पोराने इंजिनाच्या चेंबरचा बोल्ट समजून गिअर बॉक्सचा बोल्ट खोलला. इंजिनात दुप्पट ऑइल आणि गिअर बॉक्स कोरडा. नशीब, चौकातच गिअर अडकायला लागले म्हणून कळलं. तुझं तसं नाही. तांबूस झाक म्हणजे जुनं थोडं राहिलंय, बहुतेक गाडी थंड असताना किंवा वाकड्या जागेवर निथळायला ठेवली असणार.

डिझेलवाल्यांनी मात्र हा नियम लावू नये. डिझेलमध्ये नवीन ऑइल दहा मिनिटांत काळं होतं, ते बरोबरच आहे.

आता उद्या असं कर. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम कर. सपाट जागेवर आण. डोळ्यांवर भरवसा ठेवू नको. गवंड्याची पाणसळ मिळाली तर उत्तम, नाहीतर फोनमधली लेव्हल दाराच्या उंबऱ्यावर ठेव. इंजिन बंद कर आणि घड्याळ लावून दहा मिनिटं थांब, म्हणजे वर हेडमध्ये, इंजिनाच्या वरच्या भागात, अडकलेलं ऑइल खाली उतरेल. मग पट्टी काढ, पुस, पूर्ण खाली बसेपर्यंत आत घाल, परत काढ. पहिल्यांदा काढल्यावर जे दिसतं ते खरं नसतं, नळीच्या भिंतीला ऑइल लागलेलं असतं. पट्टीच्या दोन्ही बाजू बघ. दोन्हीकडे वेगळं दिसलं तर कमी दाखवणारी बाजू धर.

तोपर्यंत गाडी दामटवू नको. सावकाश सपाट जागेपर्यंत नेली तर काही होत नाही.

---

मागवाला · शनिवार, सकाळी ७.२०

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त पुसायच्या फडक्याबद्दल बोलतो. आपल्या सोलापुरात घरोघरी टॉवेलाचे तुकडे पडलेले असतात आणि आपण तेच उचलतो. पट्टी पुसायला टेरी टॉवेल वापरू नका. त्याचे धागे सुटतात, पट्टीला चिकटतात आणि तसेच इंजिनात जातात. जुनं धुतलेलं धोतर, सुती साडी किंवा बनियन वापरा.

आमचे पॉवरलूम होते, वडील स्वतः मागावर असायचे. तेलाच्या मापाबद्दल ते फार कडक होते. तेल कमी पडलं तर बेअरिंग घासतं, सगळ्यांना कळतं. जास्त झालं तर ते उडून बीमवर, धाग्यावर जातं आणि अख्ख्या टॉवेलावर डाग पडतो. मग तो माल सेकंडमध्ये. ते म्हणायचे, तेलाचा कंजूष एकदाच मार खातो, उधळ्या रोज खातो. म्हणून हा धागा वाचताना मला पहिल्या पोस्टपासून जुळे सोलापूरकरांचंच पटत होतं.

---

चिंचोली एमआयडीसी · शनिवार, सकाळी ८.०५

मिमीचं लिटरमध्ये कसं करायचं हा प्रश्न राहिलाय, तो घेतो.

पुष्कळ छोट्या गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेमधलं अंतर साधारण पाऊण ते एक लिटरचं असतं. तुमच्या पट्टीवर दोन खुणांमधलं अंतर मोजा. समजा २० मिमी आलं आणि पुस्तिकेत तेवढ्याला एक लिटर दिलं असेल, तर एक मिमी म्हणजे ५० मिली. पुस्तिकेत नसेल तरी काळजी नाही, १०० मिली काढून किती मिमी उतरलं ते बघितलं की तुमच्या गाडीचा हिशोब तुमच्याच हातात येतो. तो जपून ठेवा, जन्मभर कामाला येईल.

दुसरं, थंड आणि गरम मापात फरक पडतो. ऑइल तापलं की फुगतं, दर एका डिग्रीला साधारण ०.०७ टक्के. ३० वरून ९० डिग्रीवर गेलं तर ६० डिग्रीचा फरक, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास. तीन लिटरमध्ये तो १२०-१३० मिली होतो, पट्टीवर अडीच मिमी. म्हणून सकाळी थंड इंजिनात बघितलेलं आणि दुपारी गरम बघितलेलं एकमेकांशी जोडू नका. पुस्तिका ज्या अवस्थेत बघायला सांगते त्याच अवस्थेत दरवेळी बघा.

आणि उताराचं म्हणाल तर चेंबर म्हणजे उथळ परात. परात जरा कलती केली की एका काठाला पाणी बोटभर चढतं. पट्टी ज्या काठाला असेल त्यावर वाचन वर जाणार की खाली हे ठरतं. तुमचे १५ मिमी सगळेच्या सगळे खरे नसणार असं मला वाटतं.

---

होटगी रोड · शनिवार, सकाळी ८.३०

एवढं वाचून मीपण आज बघतो. पण काका, एक सांगा, ऑइलचा लाल दिवा असतो ना डॅशबोर्डवर? कमी-जास्त झालं तर तो लागेलच की.

---

फिटर काका · शनिवार, सकाळी ८.५०

नाही. हा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो, म्हणून ठळक सांगतो. तो दिवा ऑइलच्या दाबाचा आहे, पातळीचा नाही. ऑइल एवढं कमी झालं की पंपाच्या तोंडात हवा यायला लागली, तेव्हा कुठे तो लागतो. तोवर बेअरिंगला मार बसलेला असतो. फेस होऊन दाब पडला तरी तो उशिराच लागेल. चालत्या गाडीत लागला तर बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करायचं, "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" म्हणायचं नाही. काही नवीन गाड्यांत पातळीचा वेगळा सेन्सर असतो, पण आपल्या साध्या गाड्यांत पट्टी हाच सेन्सर.

---

बार्शीकर · शनिवार, सकाळी ९.४०

पेट्रोलचं चाललंय, पण डिझेलवाल्यांसाठी माझा अनुभव लिहितो. ही गोष्ट लिहिताना अजून अंगावर काटा येतो.

आमची जुनी डिझेल जीप होती. ऑइल बदलताना जास्त ओतलं गेलं, किती ते कुणी मोजलंच नाही. मोहोळच्या अलीकडे चढाला इंजिनाचा आवाज अचानक चढायला लागला. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी चढतोच आहे. मागे पांढरा-निळा धूर, मागची मोटारसायकल दिसेना. किल्ली काढून हातात घेतली तरी इंजिन बंद होईना. ब्रीदरमधून ऑइल इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत, ओढलं जात होतं आणि इंजिन डिझेल सोडून स्वतःच्याच ऑइलवर धावत होतं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, जळण्यासारखं काहीही मिळालं की ते फिरतं.

ड्रायव्हर जुना माणूस होता. त्याने गाडी बाजूला घेऊन ब्रेक दाबून धरला, वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन गुदमरून बंद पडलं. आम्ही सात जण होतो गाडीत. दुसरा उपाय इनटेकचं तोंड फळीने झाकून हवा तोडायची, पण हात लावायचा नाही, ओढ फार जबर असते.

दरवेळी असं होतं असं मी म्हणत नाही. आमचं इंजिन जुनं होतं, पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या. पण "जास्त असलं तर काय नाही" हे वाक्य ऐकलं की मला तो चढ आठवतो.

---

अक्कलकोट रोड · शनिवार, सकाळी १०.१०

बार्शीकर भाऊ, तुम्ही सगळे वाचलात हेच मोठं.

यात एक भर. एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस-६ नियम आला, त्यानंतरच्या बऱ्याच डिझेल गाड्यांना डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. तो स्वतःतली काजळी जाळायला जादा डिझेल सोडतो. गाडी फक्त गावातल्या गावात, सात रस्ता ते नवी पेठ एवढीच फिरत असेल तर ते जाळणं अर्धवट राहतं आणि थोडं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. म्हणजे कुणीही ऑइल न ओतता पातळी आपोआप वर चढते आणि ऑइल पातळ होतं. अशा वेळी वरचं काढून भागत नाही, ऑइलच बदलावं लागतं. पट्टी नाकाशी धरा, डिझेलचा वास आला तर समजा. आठवड्यातून एकदा गाडी हायवेला अर्धा तास सलग चालवली की हा त्रास कमी होतो.

---

जुळे सोलापूर · शनिवार, दुपारी ३.२०

मंडळी, सकाळपासून हेच करतोय. सविस्तर लिहितो.

सकाळी गाडी विजापूर रोडने सैफुलच्या पुढे जाऊन परत आणली. ओळखीच्या एका गोडाऊनसमोर काँक्रीटची फरशी आहे, तिथे मेहुण्याची पाणसळ लावून जागा शोधली. इंजिन बंद, दहा मिनिटं घड्याळ लावून. धोतराचं फडकं. दोन खुणांमधलं अंतर बरोबर २० मिमी.

सपाट जागेवर वाचन: वरच्या खुणेच्या ९ मिमी वर. म्हणजे १५ पैकी ६ मिमी नुसत्या उताराचे होते! रात्री मी ज्या आकड्याने झोपलो नाही त्यातला मोठा भाग पार्किंगच्या फरशीने दिला होता. पण ९ मिमी खरेच जास्त. ५० मिलीने धरलं तर ४५० मिली. डब्यातले जादाचे ४०० आणि वर थोडं जुनं राहिलेलं, काकांनी म्हटलं तसंच.

मग काढायचं कसं? खालचा बोल्ट थोडा सैल करून काढावं असं मेहुणा म्हणत होता. मी काकांना फोन केला (काका, नंबर दिलात, उपकार झाले). त्यांनी मोडता घातला.

---

फिटर काका · शनिवार, दुपारी ३.३५

मोडता घातला तो असा. बोल्ट जरा सैल केला की ऑइल बोल्टवरून मनगटावर, कोपरापर्यंत येतं, आणि ते गरम असतं. थेंब थेंब काढू म्हणताना बोल्ट हातातून सुटला तर सगळं चेंबर रिकामं. वर परत आवळताना वायसर जुनाच राहतो आणि गळती लागते. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे एकदा गेले की काम दहा पट वाढलं. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणं तर नकोच नको. जे पट्टीच्या नळीतून वरून निघतं त्यासाठी खाली जायचं कारण नाही.

---

जुळे सोलापूर · शनिवार, दुपारी ४.००

तर मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणि सलाईनची नळी आणली. नळी पट्टीच्या शेजारी धरून पट्टीएवढ्या लांबीवर चिकटपट्टीने खूण केली, म्हणजे किती आत गेली ते कळतं. इंजिन कोमट होऊ दिलं. फार गरम असेल तर नळी मऊ पडते, फार थंड असेल तर ऑइल ओढलं जात नाही. नळी आत सोडली, सिरिंज ओढली. पहिल्यांदा नुसती हवा आली, अजून बोटभर खाली सोडल्यावर ऑइल आलं. घाई केली तर नळी सिरिंजवरून निसटते, म्हणून सावकाश.

दोन सिरिंजा काढल्यावर पट्टी बघितली, ७ मिमी. म्हणजे १०० मिलीला २ मिमी, चिंचोलीकरांचा हिशोब तंतोतंत बसला. आणखी चार काढल्या, ३ मिमी. इथे थांबलो, इंजिन पाच मिनिटं चालू केलं, बंद करून दहा मिनिटं थांबलो, परत बघितलं. साडेतीन दाखवलं. अजून तीन काढल्या. एकूण नऊ, म्हणजे ४५० मिली. आता वाचन वरच्या खुणेच्या किंचित वर, अर्धा मिमी असेल नसेल. अजून काढू का?

---

फिटर काका · शनिवार, दुपारी ४.१०

थांब आता. अर्धा मिमी म्हणजे पंचवीस मिली, त्याने काही होत नाही. आता काढत बसलास तर उगाच कमी करशील आणि परत ओतशील. दोन खुणांच्या मध्ये कुठेही असलं तरी इंजिन समाधानी असतं. लांबच्या प्रवासाला वरच्या खुणेजवळ असलेलं बरं.

ज्यांना उलटं करायचं आहे, म्हणजे कमी आहे आणि घालायचं आहे, त्यांनी एका वेळी १०० मिलीच्या वर घालू नका. नरसाळ्याने घाला, पाच मिनिटं थांबा, बघा, मग पुढचं. घालणं सोपं, काढणं किती कटकटीचं ते आज या भावाने दाखवलंच. आणि नवीन फिल्टर लावल्यावर इंजिन चालू करायच्या आधीचं वाचन धरू नका. फिल्टर रिकामा असतो, दोन-तीनशे मिली तो पितो. आधी चालू करा, फिल्टरखाली आणि बोल्टखाली गळत नाही ना बघा, बंद करा, थांबा, मग माप.

सगळ्याच गाड्यांत नळीने निघेल असं नाही. काहींत पट्टीची नळी तळापर्यंत जात नाही किंवा मध्ये पत्रा आडवा येतो. अडली तर ढकलू नका. चांगल्या गॅरेजात ओढून घ्यायचं मशीन असतं, तिथे न्या.

---

होटगी रोड · शनिवार, संध्याकाळी ६.४५

काका, जुळे सोलापूरकर, मी काल जे लिहिलं ते मागे घेतो.

आज बॉनेट उघडलं. सपाट जागेवर, गरम करून, दहा मिनिटांनी, सगळं तुम्ही सांगितलं तसं. वरच्या खुणेच्या ७ मिमी वर. मग एअर फिल्टरचा डबा उघडला. खालच्या बाजूला ऑइल साचलेलं, फिल्टरचा कागद एका कोपऱ्यात चिंब. सर्व्हिसला दरवेळी "फिल्टर बदलावा लागेल" म्हणायचे, मला वाटायचं धूळ जास्त म्हणून. चार वर्षं हे चाललं होतं आणि गाडी चालतेय म्हणून मी सगळ्यांना चालवा म्हणून सांगत होतो. एका माणसाला पुण्याला तसंच पाठवलं असतं. उद्या मीपण सिरिंज आणतो.

---

नवी पेठ · शनिवार, संध्याकाळी ७.३०

काका, माझ्या मिस्टरांची स्प्लेंडर आहे, घरी मीच बघते सगळं. तिच्या ऑइलच्या झाकणालाच काडी आहे, आट्यांची. ती आवळून बघायची की नुसती ठेवून?

---

फिटर काका · शनिवार, संध्याकाळी ७.५०

ताई, चांगला प्रश्न. नुसती टेकवून बघायची, आटे आवळायचे नाहीत. आवळली तर काडी जास्त खोल जाते, ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि माणूस फसतो. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी पाहिजे, साइड स्टँडवर कललेल्या गाडीचं माप खोटं. अशा छोट्या बाइकमध्ये एकूण ऑइलच लिटरभर, त्यामुळे १०० मिलीची चूकही मोठी. दुसरी कुठली बाइक असेल तर तिच्या पुस्तिकेत बघा, काहींची रीत उलटी असते. बुलेटवाल्यांना बाजूला काच असते, तीही सरळ उभी करूनच बघायची.

---

कंबर तलाव · शनिवार, रात्री ८.१५

मध्येच विचारतोय. आपल्याकडे ४२-४३ डिग्री जातं. पुस्तिकेत पातळ ऑइल लिहिलंय, पण दुकानदार म्हणतो उन्हाळ्यात जाड घाला. कुणाचं ऐकू?

---

चिंचोली एमआयडीसी · शनिवार, रात्री ८.४०

पुस्तिकेचं. डब्यावर ५डब्ल्यू-३० अशी ग्रेड लिहिलेली असते, त्यातला डब्ल्यूच्या नंतरचा आकडा १०० डिग्रीच्या आसपासचा दाटपणा सांगतो. बाहेर २० असो की ४३, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर इंजिनाला जवळजवळ एकाच तापमानावर ठेवतात. पुस्तिकेत एकापेक्षा जास्त ग्रेडची परवानगी दिली असेल तर त्यातलं घ्या, त्याच्या बाहेरचं नको.

---

मागवाला · शनिवार, रात्री ९.००

जुळे सोलापूरकर, ते काढलेलं ४५० मिली गटारात ओतू नका. परत इंजिनातही घालू नका, त्यात जुनं मिसळलंय आणि सिरिंज-नळीतून कचरा गेला असेल. झाकणाच्या बाटलीत भरून गेटच्या बिजागऱ्यांना, शटरच्या पट्टीला वापरा. जास्त साठलं तर गॅरेजच्या जळक्या ऑइलच्या पिंपात द्या, ते गोळा करून नेणारे येतात. सरकारी नियमात वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, आणि आपल्याकडे पाणी आधीच मोजकं.

---

जुळे सोलापूर · सोमवार, दुपारी १.१०

पुण्यातून लिहितोय. मुलगी मुलाखतीला आत गेलीय, मी बाहेर झाडाखाली बसलोय.

काल पहाटे साडेचारला निघालो. टेंभुर्णीला चहाला थांबलो तेव्हा खाली वाकून बघितलं, कुठे थेंब नाही. इंदापूर, भिगवण, सगळा रस्ता गाडी शांत चालली. गुरुवारी संध्याकाळी गॅरेजातून येताना चढाला जो जडपणा वाटला होता तो नव्हता. माझ्या मनाचा खेळ असेलही, म्हणून त्यावर जोर देत नाही. आज सकाळी इथल्या एका पंपावर सपाट जागा बघून पट्टी काढली. वरच्या खुणेच्या एक मिमी खाली. धूर नाही, दिवा नाही.

शनिवारी संध्याकाळी त्या गॅरेजवाल्याकडेही जाऊन आलो होतो. भांडायला नाही. मोजपट्टी, सिरिंज आणि बाटलीतलं ४५० मिली दाखवलं. त्याने बाटली हातात घेऊन बराच वेळ बघितली. म्हणाला, "साहेब, आम्हाला उस्तादाने डबा ओतायलाच शिकवलं." मग माझ्यासमोरच आत उभ्या असलेल्या गाडीची पट्टी काढून बघितली आणि पोराला सांगितलं की यापुढे तीन लिटर ओतून थांबायचं, मग मापून घालायचं.

पुढच्या वेळी मी तीन लिटरचा डबा आणि अर्ध्या लिटरचा वेगळा घेणार आहे. काका, उरलेलं ऑइल किती दिवस टिकतं?

---

फिटर काका · सोमवार, दुपारी १.४०

झाकण घट्ट लावून, सावलीत, पाण्यापासून लांब ठेवलंस तर दोन-तीन वर्षं काही होत नाही. डब्यावर तारीख आणि ग्रेड लिहून ठेव, डिकीत उन्हात ठेवू नको.

परत आल्यावर हजार किलोमीटरला त्याच गोडाऊनसमोर, त्याच फरशीवर पट्टी बघ आणि इथेच आकडा टाक. ७८ हजार झालेली गाडी किती ऑइल खाते ते आता पहिल्यांदाच नीट कळेल. आणि पोरीचं काय झालं तेही सांग.

---

जुळे सोलापूर · सोमवार, संध्याकाळी ५.२५

मुलाखत चांगली झाली काका. निकाल गुरुवारी. उद्या पहाटे परत निघतोय, निघायच्या आधी पट्टी बघूनच.